अकरावा फूट

पत्रूच्या वळचणीला एक काठी अडकवलेली असे. तशा काठ्या गावात घरोघरी होत्या, पण नुसतं 'काठी' म्हटलं की तीच. भरीव बांबूची, वर्षानुवर्षं तेल पिऊन तांबूस झालेली, खाली लोखंडी शेंबी. दहा फुटांची. लग्नाचा मांडव घालायचा तर पत्रूला बोलवा, घराचा पाया आखायचा तर पत्रूला बोलवा. आणि गुणवंतरावाच्या चाळीस एकर धानात बायांनी रोवणा केला, की किती केला ते मोजायलाही पत्रूच. बाया दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, खोचत. पत्रू दिवस कलताना येई, चप्पल न काढता धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, काठी टाकत जाई आणि मोठ्यानं आकडा सांगे. त्या आकड्यावर बायांची मजुरी ठरे. गुणवंतरावाचा शब्द एक वेळ लोकांनी तपासला असता, पण काठीचा नाही. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागे. ते पत्रूची बायको रंजीता लावी, कारण काठी तिच्या घरची होती, आणि त्या घरात मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. घरामागच्या सांदवाडीत रंजीताची वांगी, भेदरं म्हणजे टमाटे, आणि मिरच्या जोम धरू लागल्या होत्या. बारा ओळी, एकेका ओळीत चौरेचाळीस रोपं. रोपं तिनं आपल्या हाताच्या मापानं लावली होती. कोपर जमिनीला टेकवायचं, बोटं जिथे पोचतील तिथे पुढचं रोप. हा माल कुरखेड्याच्या बाजारात नेऊन ती घरचं मीठमिरची आणि नागपूरला नर्सिंग शिकणाऱ्या लेकीचं, दिव्यानीचं, सगळं भागवी. पण विहीर कोती होती. मोटर लावून सरीत पाणी सोडलं की अर्ध्या तासात तळ दिसे आणि चार ओळीही भिजत नसत. मग उन्हाळाभर हातपंपावरून पाण्याचे गुंड, मोठे हंडे, वाहायचे. मागच्या उन्हाळ्यात गुंड उचलतानाच तिचा उजवा खांदा सरकला. गडचिरोलीच्या डॉक्टरनं बजावलं होतं, पुन्हा असं ओझं उचललं तर हा हात वर जाणार नाही, वेणीसुद्धा दुसऱ्याकडून घालून घ्यावी लागेल.

म्हणून यंदा ठिबक. थेंब थेंब पडलं तर त्याच विहिरीचं पाणी मे महिन्यापर्यंत पुरेल, असं कुरखेड्याच्या दुकानातल्या अजयनं सांगितलं होतं. दोन हंगामांच्या रोवण्याच्या मजुरीतून तिनं पैसे बाजूला काढले होते. आता फक्त मोजमाप घेऊन जायचं होतं.

"काठी काढा ना," ती पत्रूला म्हणाली. "सांदवाडी मोजू."

पत्रू ओट्यावर बसून बिडी ओढत होता. "काठी कायले? पावलानं मोज."

"पावलानं मोजून पाईप आणू? घरात काठी असून? लोक हासतीन ना."

त्यानं बिडी पुरती ओढली, मग खोकला, मग उठला. एवढा वेळ त्याला काठी काढायला कधी लागत नसे. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं काठी टाकली. सहाव्या वेळी शेंबी कुंपणाच्या काट्यांना नेमकी टेकली.

"सहा काठ्या. साठ फूट," रंजीता म्हणाली. "बराबर ना?"

"हो." जरा थांबून तो म्हणाला, "दुकानात थोडं जास्तच सांगजो. नळी हाये, ओढाताण होते."

"काऊन जास्त? काठी आपली, माप आपलं. फुकटचे पैसे कोणाले देऊ मी?"

काठी वळचणीला अडकवून पत्रू गुणवंतरावाच्या वाड्याकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीनं कुरखेड्याला गेली. दुकानात चार-पाच माणसं उभी होती. अजय पंचविशीतला पोरगा, कानावर पेन, बोलणं तुरुतुरु. तिनं पदर सावरला आणि पाठ करून आणलेलं सगळं एका दमात सांगितलं.

"बारा ओळी. साठ फूट एक ओळ."

"म्हणजे सातशे वीस फूट बारीक नळी," अजय कागदावर लिहू लागला. "मेन पाईप तीन. फिल्टर एक, कॉक एक, शेवटाले लावाची बुचं बारा. टाकी हाये? बरं. आता ड्रिपर. एका ओळीत झाडं किती?"

"चौरेचाळीस."

"किती किती दूर?"

"एकेका हातावर."

अजयचं पेन थांबलं. "हात म्हणजे दीड फूट. चौरेचाळीस हात म्हणजे सहासष्ट फूट होते, बाई. तुमी सांगता साठ. काहीतरी एक चुकून राह्यलं."

रंजीताच्या कानशिलांना घाम फुटला. ती सातवी शिकलेली होती, आणि गणितात कच्ची नव्हती. पण दुकानात सगळे तिच्याकडे बघायला लागल्यावर तिला आपलीच बोटं आठवेनात. खताचं पोतं घ्यायला आलेला एक जण हसून म्हणाला, "घरच्या माणसाले फोन लावा, बाई. हे बायायचं काम नोय."

"घरच्या माणसानंच मोजलं हाये," ती म्हणाली. "काठीनं मोजलं. काठी नाई चुकत. अख्ख्या गावाचा रोवणा तिनं मोजते." आणि मग खाली बघून, "मायाच हात चुकला असन."

"मंग चाळीस ड्रिपर एका ओळीले," अजयनं लिहिलं. "पण माया ऐका. नळी थोडी जास्त घ्या. नाईतर अख्खं बंडल न्या, उरली ते परत आणा. एकदा कापली की मी परत घेत नाई."

"काप," रंजीता म्हणाली. आता तिला अपमानाचा हट्ट चढला होता. "साठ-साठ फुटाचे बारा तुकडे. एक बोट जास्त नोको."

त्यानं कापले. तिनं दोन हंगामांची मजुरी टेबलावर ठेवली आणि नळ्यांची वेटोळी पोत्यात कोंबून घरी आणली.

नळ्या अंथरायला शेजारची सोनीबाई आली. पत्रूला मालकाच्या घरी काम निघालं होतं. अशा वेळी ते नेमकं निघतंच. दोघी जणींनी दोन दिवस खपून मेन पाईप बसवला, टाकी दगडांवर चढवली, नळ्यांना भोकं पाडून एकेक ड्रिपर दाबून बसवला. सोनीबाईच्या अंगठ्याची साल निघाली. रंजीताचा उजवा खांदा ठणकत होता, म्हणून ती डाव्या हातानं दाबत होती. तिसऱ्या सकाळी त्यांनी नळ्या ओळींवर सोडल्या.

पहिली नळी कुंपणाच्या अलीकडेच संपली. रंजीतानं ती ओढून पाहिली. दुसरी सोडली, तीही तिथेच संपली. तिसरी, चौथी, बाराच्या बारा. सगळ्यांची टोकं सुतळी धरून आखल्यासारखी एका रेषेत, आणि त्या रेषेपलीकडे प्रत्येक ओळीत चार-चार रोपं कोरडी उभी.

"ठकवलं व तुले त्या दुकानदारानं," सोनीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "बाई पाहून कापली आखूड."

रंजीताच्या डोक्यात तिडीक गेली. त्या खतवाल्याचं हसू, अजयचं तुरुतुरु बोलणं, 'कापली की परत घेत नाई', सगळं तिला आता कटासारखं वाटायला लागलं. सायंकाळी पत्रू आला तेव्हा ती अंगणात येरझारा घालत होती.

"उद्या जातो मी कुरखेड्याले. भर बाजारात त्याची इज्जत काढतो."

पत्रूनं सांदवाडीत जाऊन नळ्यांची टोकं पाहिली. खाली वाकलासुद्धा नाही. "कायले भांडतं? कमी पडली त पडली. जोडून घेऊ. मी आणून देतो ना बाहत्तर फूट."

"एक फूट आणाचा नाई! त्यानं चोरलं, अन् आपून अजून पैसे देऊन आणाचं?"

"जाऊ नोको म्हणतो ना," पत्रू म्हणाला. आवाज चढवला नाही, पण तिच्याकडे पाहिलंही नाही.

ती गेली. एका नळीचं वेटोळं खांद्याला अडकवून गेली आणि दुकानाच्या पायरीवरूनच सुरू झाली. चोर म्हणाली, लुटारू म्हणाली, तुझ्या आईला विचार बाईमाणसाच्या कष्टाचं मोल म्हणाली. रस्त्यावरची माणसं थांबली. अजयचा चेहरा लाल झाला, पण तो उलटून बोलला नाही. त्यानं नळी रस्त्यावर सरळ अंथरली, एक टोक तिच्याच पायाखाली दिलं आणि लोखंडी टेप ओढत दुसऱ्या टोकाला गेला.

"या, पाहा तुमीच."

साठ फूट. वर दोन बोटं जास्त.

कोणीतरी फिस्सकन हसलं. रंजीता पायाखालची नळी न सोडता तशीच उभी राहिली. अंगावरचं लुगडं कोणी ओढलं असतं तरी तिला याहून उघडं वाटलं नसतं. अजयही आता तिला चार शब्द सुनावेल, असं सगळ्यांनाच वाटलं. पण तो पोरगा टेप गुंडाळत तिच्याजवळ आला.

"तुमचा हात आणा इकडे."

तिनं काही न कळून हात पुढे केला. त्यानं कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप धरला. "अठरा इंच. दीड फुटाले एक सूत कमी नाई, एक सूत जास्त नाई. तुमचा हात बराबर हाये, बाई. काठी मोजा घरची. हा टेप घेऊन जा, बाजाराच्या दिवशी परत आणा."

गाडीत तिनं टेप मुठीत धरून ठेवला. काठी मोजायची, हा विचारच तिला कसासा वाटत होता. देवाचं वजन करण्यासारखा.

घरी कोणी नव्हतं. तिनं काठी काढून अंगणात आडवी ठेवली, टेपचं टोक शेंबीला अडकवलं आणि ओढत गेली. दहाचा आकडा आला. काठी संपली नव्हती. दहाच्या पुढे तांबूस, गुळगुळीत, तेल प्यायलेला बांबू आणखी निघाला. अकरा. तिनं पुन्हा मोजलं. उलटीकडून मोजलं. अकरा.

आणि मग तिला बाहत्तर आठवलं.

'मी आणून देतो ना बाहत्तर फूट.' न वाकता, न मोजता. सहा काठ्यांचे सहा फूट, बारा ओळींचे बाहत्तर. तो हिशेब त्याच्या डोक्यात आधीपासून तयार होता. तिनं 'बराबर ना?' म्हणून विचारलं तेव्हाही तयार होता.

ती ओट्यावर बसली. समोर सारवलेलं अंगण होतं. कोनाड्यातली रांगोळी घेऊन तिनं ठिपके टाकायला सुरुवात केली. दहा ठिपके, दहा ओळी. शंभर काठ्यांचा एक शेकडा, रोवण्याची मजुरी शेकड्यावर. मग तिनं बाजूनं एक ओळ वाढवली आणि खालून एक. वाढवलेले ठिपके मोजले. एकवीस. म्हणजे शंभराची मजुरी आणि एकशे एकवीसचा रोवणा. पाच बांध्या रोवल्याचे पैसे घेऊन सहावी बांधी फुकट. पौष-माघाच्या थंडीत, सकाळी पाण्यात पाय घातला की हाड कळे, अशा पाण्यात फुकट. पावसाळ्यात पाठीवर धारा घेत फुकट. आशाबाईची पाठ कायमची वाकली, सोनीबाईच्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या, तिचा स्वतःचा खांदा. यातलं किती त्या एकवीस ठिपक्यांत गेलं, ते कुठल्या टेपनं मोजायचं? आणि हे गावात कोणाला कळलं नव्हतं, कारण मांडव मोजला तरी त्याच काठीनं आणि भावाभावांची वाटणी झाली तरी त्याच काठीनं. दोन्ही वाटे सारखेच लांब, मग भांडण कशाचं? लबाडी फक्त तिथे होती, जिथे काठी दहा फुटांची धरून पैसे द्यायचे होते.

पत्रू दिवस मावळायच्या आत आला. अंगणात काठी आडवी, तिच्यावर टेप, शेजारी ठिपके. तो फाटकातच थांबला.

"कदपासून?" रंजीतानं विचारलं.

"काय कदपासून?"

"मले येडी नोको करू." आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्याशी एकेरीत बोलली आणि दोघांनाही ते ऐकू आलं. "कदपासून अकरा हाये?"

तो खाली बसला. काठीकडे बघत बोलू लागला. "जुन्या काठीले घुण लागला होता. दिव्यानी तिसरीत होती तवा. मालकानं नवा बांबू देल्ला. मी जुन्या काठीले लावून पाह्यला, त फूटभर जास्त. म्हटलं, मालक, लांब होते, कापू का? त म्हणे, राहू दे पत्र्या, काठी झिजते."

"झिजली?"

"नाई."

"किती वर्सं झाले?"

"नऊ... दहा."

"अन् तुले काय भेटलं? काय देल्लं त्यानं तुले?"

पत्रूनं मान हलवली. "काई नाई. काठी देल्ली ना."

हेच तिला सर्वात जास्त झोंबलं. त्यानं पोतंभर धान घेतलं असतं, चार पैसे खाल्ले असते, तर शिव्या तरी देता आल्या असत्या. नुसत्या धुऱ्यावर कोरड्या पायांनी उभं राहायला मिळावं, मोठ्यानं आकडा सांगायला मिळावा, एवढ्यासाठी हा माणूस दहा वर्षं बायकोच्या वाकलेल्या पाठीवरून ती काठी टाकत गेला होता.

"अन् सांदवाडी?" ती म्हणाली. "दुसऱ्यायच्या बाया जाऊ दे. मी जाऊ दे. पण त्या दिवशी मी पुसलं, बराबर ना. मी माया हात चुकीचा म्हटला भर दुकानात. लोक हासले मले. तुया तोंडातून तवाबी नाई निघालं?"

"सांगतलं असतं त सगळंच सांगा लागलं असतं," पत्रू म्हणाला.

रंजीतानं पाईप कापायच्या पात्याची आरी आणून त्याच्यापुढे टाकली. "काप."

"काय?"

"वरून एक फूट. दहावर खूण केली हाये मी. माया खांदा चालत नाई, नाईतर मीच कापली असती. परवा आंब्याच्या बांधीत रोवणा हाये. ही दहा फुटाची काठी घेऊन तू येशील, अन् मोजशील. नाई आला, त आत्ताच सगळ्या बायायले इथी बोलावतो."

पत्रूनं काठी पायाखाली धरली आणि कापली. भरीव बांबू लवकर कापला जाईना. फूटभराचा तुकडा ठिपक्यांवर पडला तेव्हा त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. कापलेलं तोंड पांढरं दिसत होतं. त्यावर त्यानं चुलीतली काजळी आणि तेल चोळलं. ते करायला तिनं सांगितलं नव्हतं. ते त्याचं त्यालाच सुचलं, आणि त्याचाही तिला राग आला.

गुणवंतरावाचा उन्हाळी धानाचा रोवणा त्या दिवशी आंब्याच्या बांधीपासून सुरू झाला. सोळा बाया होत्या. सगळ्यांत म्हातारी आशाबाई पुढे, मागोमाग सोनीबाई, रंजीता, बाकीच्या. रंजीतानं कोणाला काही सांगितलं नव्हतं. टेप कमरेच्या ओच्यात खोचला होता आणि वाकलं की पोटाला टोचत होता. गुणवंतराव तसा गोड माणूस. बायांपैकी कोणाला अरेतुरे नाही, प्रत्येकीला 'बाई', दुपारी चहा आणि त्यासोबत गुळाचा खडा. "सावकाश रोवा, बाई, पाठ सांभाळा," असं तो धुऱ्यावरून म्हणे.

दिवस कलला. बांधी हिरवी झाली. बाया चिखलानं भरलेले हात पोटऱ्यांवर पुसत धुऱ्यावर चढल्या. पत्रू काठी घेऊन आला. त्यानं शेंबी कोपऱ्याला टेकवली.

"एक."

नेहमीचा खणखणीत आवाज नव्हता. आठ, नऊ. दहा म्हटलं तेव्हा धुरा संपायला हवा होता. धुरा उरला होता. पत्रूनं ओठांवरून जीभ फिरवली आणि काठी आणखी एकदा टाकली. शेंबी कोपऱ्याला टेकली.

"अकरा."

गुणवंतराव हसला. "काय गा पत्र्या, पेऊन आला का? आंब्याची बांधी दहाची हाये. दरसाली दहा बाय दहा, ठोक एक शेकडा. परत मोज."

पत्रूनं परत मोजली. अकरा. मग आडवी बाजू मोजली. तीही अकरा.

गुणवंतरावाचं हसू गेलं. त्यानं काठी हातात घेतली, जमिनीवर उभी केली, वर पाहिलं. मग आडवी करून तिचं वरचं टोक अंगठ्यानं चोळलं. अंगठ्याला काजळी लागली. खाली पांढरा बांबू निघाला.

"कोणी कापली ही?" तो ओरडला. 'बाई' म्हणणं, गोडी, सगळं एका क्षणात धुऱ्याखाली गेलं. "कोणत्या हरामखोरानं कापली? फूटभर कापली हाये काठी! चांगली फूटभर!"

"फूटभरच ना, मालक?" रंजीता पुढे झाली. "नक्की?"

"मले शिकवतं का व? माया हातानं देल्ला बांबू हाये तो. मले मालूम नाई का किती होता?"

"तेच पायजे होतं मले," रंजीता म्हणाली आणि ओच्यातून टेप काढला. "आशाबाई, हे टोक धर व, शेंबीले."

आशाबाईनं चिखलाच्या बोटांनी टोक धरलं. रंजीता टेप ओढत काठीच्या कापलेल्या तोंडापर्यंत गेली, आणि तो आकडा सोनीबाईला वाचायला लावला.

"दहा," सोनीबाई म्हणाली. "दहा फूट बराबर."

सोळा बाया टेपभोवती आल्या. आंब्यावर पाखरं बसायला आली होती, त्यांचा तेवढा गलका.

आशाबाई सावकाश सरळ झाली. तिची पाठ जेवढी सरळ होई तेवढी. "फूटभर कापली, तवा दहा झाली," ती म्हणाली. "म्हणजे आंधी अकरा होती. अन् ते मालकाले मालूम होतं."

"काठी पत्र्याच्या घरी राहाते!" गुणवंतराव म्हणाला. "मी काय तिथी झोपाले जातो? त्यानंच काही केलं असन. सांग ना गा पत्र्या. बोल!"

पत्रू दोन्ही हात लोंबते सोडून उभा होता. त्यानं मालकाकडे पाहिलं, मग रंजीताकडे. तिनं नजर हलवली नाही.

"तुमी देल्ली तवापासून अकराच हाये," तो पुटपुटला.

"आयकू नाई आलं," आशाबाई म्हणाली. "आकडा त मोठ्यानं सांगतं ना रोज? तसाच सांग."

पत्रूनं डोळे मिटले. "अकरा!" तो ओरडला. "दहा वर्सं झाले. अकरा!"

मग एकच गदारोळ उठला. कोणी रडत होती, कोणी गुणवंतरावाच्या सात पिढ्या उद्धरत होती. गुणवंतराव हात जोडून, घरी या, बसून बोलू, असं म्हणत मागे सरकत होता. आशाबाईनं उद्याच्या रोवण्यासाठी धुऱ्यावर रचलेल्या पऱ्ह्यांच्या पेंड्यांकडे बोट केलं.

"उपटलेला पऱ्हा दोन दिवस राहाते, मालक. तिसऱ्या दिवशी वाळते. तदलोक मागचं काय देतं ते ठरव. नाईतर तूच रोव. पाठ सांभाळून."

बाया एका ओळीत गावाकडे निघाल्या. जाताना पत्रूच्या पुढ्यात आशाबाई थांबली आणि त्याच्या पायाशी थुंकली. रंजीतानं ते पाहिलं. तिला वाईट वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की त्या थुंकीतली निम्मी आपल्याही दारात पडली, कारण दसऱ्याचं हळदकुंकू आपणच लावत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारीच गुणवंतरावाचा माणूस आशाबाईच्या दारी आला. यापुढे टेपनं मोजू, टेप बायांच्या हातात राहील, आणि मागच्या दोन हंगामांचा फरक देतो. आशाबाईनं त्याला पाणीही विचारलं नाही. दहा वर्षांचं बोल, म्हणाली, आणि दार लावून घेतलं. पऱ्हे धुऱ्यावर पिवळे पडायला लागले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी रंजीता सांदवाडीत होती. टाकीचा कॉक उघडला होता. बारा नळ्यांमधून टिपटिप पाणी पडत होतं आणि रोपांच्या बुडाशी ओले काळे गोल तयार होत होते. नळ्या संपत होत्या तिथे तिनं बांबूचा तो कापलेला फूटभराचा तुकडा जमिनीत ठोकला होता. त्याच्या पलीकडची अठ्ठेचाळीस रोपं माना टाकून होती.

पत्रू कुंपणाच्या फाटकातून आत आला. दोन दिवस तो कोणाच्या दारात उभा राहू शकला नव्हता. त्याच्या खांद्यावर नव्या नळीचं वेटोळं होतं.

"बाहत्तर फूट," तो म्हणाला. "अन् बारा जोड. अजयकडून आणली. आता लावून देतो."

रंजीतानं वेटोळं त्याच्या खांद्यावरून काढून घेतलं. ते घेऊन ती घराच्या पुढच्या बाजूला गेली आणि वळचणीला, जिथे काठी अडकवत तिथे, ते अडकवून परत आली.

"लावाची नाई का?" पत्रूनं विचारलं.

"नाई."

"मंग हे चार-चार झाडं? मरतीन ना."

"मरतीन कायले? गुंड हाये."

"तुया खांदा..."

"माया खांदा नाई," रंजीता म्हणाली. "तुया हाये ना. पाऊस पडेपर्यंत, सकाळ-सांजेले. सरीतून जाजो. चप्पल काढ."

पत्रूनं चप्पल काढली, गुंड उचलला आणि हातपंपाकडे गेला. परत आला तेव्हा पाणी त्याच्या मानेवरून पाठीत ओघळत होतं. ओल्या सरीत त्याचे पाय घोट्यापर्यंत रुतले. शेवटच्या चार रोपांपाशी तो वाकला आणि त्यानं पाणी ओतलं.

रंजीता कुंपणाजवळच्या कोरड्या बांधावर, पायात चप्पल घालून उभी होती.

"एक," ती मोठ्यानं म्हणाली.